कायद्यात पाळणा आहे, गावात कुठे आहे?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण शेवटी तुमच्या गावासाठी एक काम सांगणार आहे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी जोरात होती. मंगरुळपीर तालुक्यात एका बातमीसाठी चाललो होतो. रस्त्याला लागून वावर. दहा-बारा बाया सोंगत होत्या. धुऱ्यावर बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात दीड वर्षाचं लेकरू. झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची पोरगी. अंगात शाळेचा ड्रेस होता. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते.

गाडी थांबवली. तिच्या मायला म्हटलं, बाई, पोरीला शाळेत नाही पाठवलं?

ती विळा न थांबवता बोलली, "मंग या लहान्याले कोनापाशी ठेवू भाऊ? अंगनवाडीत त्याले ठेवून घेत नाहीत. अन् ठेवलं तरी ते दुपारीच सुटते. मी घरी येतो दिवस बुडाल्यावर."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बातमी दुसऱ्याच विषयाची होती, ती करून परत आलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो आमच्या घरातलाच आहे.

माझी मोठी बहीण चौथीनंतर शाळेत गेली नाही. कारण मी. माय रोजमजुरीला जायची, उन्हाळ्यात रोहयोच्या मातीकामावर. मला सांभाळायला ताई घरी राहिली. मी मोठा झालो, शाळेत गेलो, पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा केला, आता तुमच्यापुढे हे लिहितो आहे. ताई आजही बँकेच्या स्लिपवर सही करताना हात आखडून बसते. तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या प्रत्येक बायलाइनमागे तिची चौथीपासून पुढची शाळा आहे, हे मला माहीत आहे.

तेव्हा ठरवलं की हा विषय मुळापासून पाहायचा. लहान लेकरं सांभाळायची सोय सरकारने कधी केली, किती केली, पैसा कोणी दिला, आणि चाळीस वर्षांनी तीच पोरगी तिथेच धुऱ्यावर का बसली आहे?

कापूस आपला, लेकरं गिरणीची

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. पण आपला संबंध तिथेही आहे. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आठवते ना? ती इंग्रज कंपनीने टाकली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला. त्यातला कापूस मुंबईच्या गिरण्यांतही जात होता. त्या गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. त्यांची लेकरं कुठे असायची?

घरी, अफूवर. १९२० च्या दशकात मुंबईतल्या कामगार बायांच्या चाळींमध्ये फिरून पाहणी झाली. तिच्यात नोंद आहे की बहुतेक तान्ह्या मुलांना कामावर जाताना अफूची गोळी दिली जायची. तिला बाळागोळी म्हणत. लेकरू दिवसभर निपचित पडून राहावं म्हणून. आई निर्दय होती म्हणून नाही, पाहायला कोणी नव्हतं म्हणून.

याच काळात, १९२८ साली, मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: आईला बाळंतपणाच्या आधी-नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. त्याचा खर्च खरं तर बऱ्याच अंशी सरकारनेच उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण पाहणं हे मुळात सरकारचं काम. पण ज्या मालकाला बाईच्या कामाचा फायदा होतो तोही जबाबदारीतून सुटत नाही. १९२९ ला कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. "लेकरू सांभाळणं हा घरचा प्रश्न, सरकार काय करणार?" असं आजही पारावर ऐकू येतं. या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांआधी देऊन ठेवलं आहे.

अंगणवाडी हा शब्द आला कुठून?

आता दुसरा धागा. अंगणवाडी हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत चालतो. तो मराठी आहे, आणि तो ताराबाई मोडकांचा आहे.

ताराबाई मोठ्या शिक्षणतज्ज्ञ. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. मॉंटेसरीची बालमंदिरं शहरातल्या, पैसेवाल्या घरच्या मुलांसाठी होती. गरिबाच्या, खेड्यातल्या लेकराचं काय? म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, तर दलित आणि गरीब वस्तीतली मुलं येईनात. ताराबाईंनी दोष आईबापांना दिला नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. रोज वस्तीत जायचं, अंगण झाडायचं, मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, गाणी-गोष्टी-खेळ. ही झाली अंगणवाडी.

पुढे १९५७ च्या सुमारास दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेल्या. तिथे त्यांना तीच पोरगी दिसली जी मला धुऱ्यावर दिसली. शाळेच्या वयाची मुलगी, कडेवर भावंड. शाळेत ये म्हटलं तर म्हणणार, याला कुठे ठेवू?

यावर त्यांनी जे केलं ते या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. मोठी बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं पाळण्यात. तिघं सोबत यायची, सोबत जायची. जी मुलं गुरं चारायला जायची त्यांच्यासाठी तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

म्हणजे पाळणाघर ही शहरी नोकरदार बाईची चैन नाही. या महाराष्ट्रात, सगळ्यात गरीब वस्तीत, पोरींची शाळा सुटू नये म्हणून पाळणाघर निघालं होतं. करून दाखवलं होतं.

ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं. १९७३ ला त्या गेल्या.

सरकारने अंगणवाडी घेतली, पाळणा ठेवून दिला

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात ३३ प्रकल्प. महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि आपल्या शेजारचं मेळघाटातलं धारणी.

योजनेत सहा सेवा ठरल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणं, आईला पोषण-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. सगळ्या चांगल्या, सगळ्या गरजेच्या. पण पाहा, लेकरू दिवसभर सांभाळणं ही सेवा त्या सहात नाही. शून्य ते तीनच्या लेकराला आहार मिळतो, वजन होतं, डोस मिळतो, आणि ते परत आईच्या कडेवर जातं.

नाव ताराबाईंचं घेतलं. विकासवाडीतला पाळणा मात्र योजनेत आला नाही.

याचं मोठं कारण पैसा. मुलाला चार तास बसवणं आणि आठ तास सांभाळणं यात फार फरक आहे. दिवसभर सांभाळायचं तर दुसरी बाई लागते, झोपायला जागा लागते, दोन वेळचं खाणं लागतं, दुपट्यांना पाणी लागतं. तान्ही मुलं असली तर एका बाईकडे चार-सहापेक्षा जास्त देता येत नाहीत. सरकारने स्वस्तातलं काम घेतलं. आणि ते स्वस्तात व्हावं म्हणून करणाऱ्या बाईला पगार नाही, "मानधन" दिलं. १९७५ ला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिन्याला १५० रुपये, न झालेलीला १००.

पाळणाघरांसाठी वेगळी योजना नव्हती असं नाही. त्याच काळात नोकरदार-मजूर आयांच्या मुलांसाठी केंद्राची योजना निघाली होती, स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन चालवायची. २००६ पासून तिला राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणू लागले. एका वेळी देशात वीस हजारांवर पाळणाघरं होती. २०१७ ला खर्चाची वाटणी बदलली, राज्यांवर आणि संस्थांवर हिस्सा आला. २०२० पर्यंत आकडा साडेसहा हजारांच्या आसपास उतरला. योजना कोणी जाहीरपणे बंद केली नाही. अनुदान उशिरा आलं, संस्था थकल्या, कुलूप लागलं.

कायद्यातला पाळणा

आता कायद्यांची यादी बघा. तुम्हाला वाटेल देशात पाळणाघरांचा सुकाळ आहे.

१९४८ चा कारखाने कायदा: ५० पेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे होतं. १९७६ ला ५० चे ३० केले.

१९९६ चा बांधकाम कामगार कायदा: ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर मुलांसाठी खोली पाहिजे होती.

२०१७ ची प्रसूती लाभ कायद्यातली दुरुस्ती: रजा २६ आठवडे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा ५० च.

आता मला सांगा, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांत असा कारखाना किती जणांच्या गावात आहे? दाल मिल, जिनिंग, आणि हंगामी काम. आपल्याकडे बाईचा कारखाना म्हणजे वावर. वावराला हजेरीपट नाही, मालक रोज बदलतो. दहा बाया एका धुऱ्यावर, बारा दुसऱ्या. कायद्यातला आकडा कधीच भरत नाही. कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही, मोडायचा प्रश्नच येत नाही.

जिथे पोचत होता तिथलं सांगतो. रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. वि. स. पागे यांची कल्पना, १९७० च्या दशकातल्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. त्यासाठी पैसा कुठून आणला? १९७५ ला व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडा कापायचा आणि गावातल्या मजुराच्या कामाला द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची. हे लक्षात ठेवा. ठरवलं तर सरकार पैसा उभा करतं.

त्या रोहयोच्या कामावर सावली, पाणी, प्रथमोपचार आणि लहान मुलांच्या सांभाळाची सोय असावी असं होतं. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा आला, त्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एक बाई त्यांना सांभाळायला नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची.

मी मायला विचारलं, तुमच्या पाझर तलावाच्या कामावर लेकरं सांभाळायला कोणी होतं का? ती म्हणाली, "पान्यावाली बाई होती. लेकरं ज्याची त्यानं पाहाची." पुढे वीस वर्षं मी स्वतः बातमीदारीत कितीतरी कामांवर गेलो. फलक पाहिला, मस्टर पाहिलं, पाण्याचा ड्रम पाहिला. लेकरं सांभाळायला नेमलेली बाई मला एकदाही दिसली नाही. तुम्हाला दिसली असेल तर कमेंटमध्ये गाव सांगा, मी स्वतः येऊन बातमी करतो.

कोर्टाने ढकललं, बजेटने ओढलं

अंगणवाड्या वाढल्या त्याही आपसूक नाही वाढल्या. २००१ ला अन्न अधिकाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की अंगणवाडी प्रत्येक वस्तीत पाहिजे. १३ डिसेंबर २००६ ला आणखी ठोस सांगितलं: देशात १४ लाख अंगणवाड्या करा, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागितली तर द्यावी लागेल. आपल्या कित्येक तांड्यांवर आणि वाड्यांवर अंगणवाडी दिसते ती या आदेशानंतरची. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. वाशिम जिल्ह्यात हजाराच्या घरात.

२०१२ ला केंद्राने योजनेची फेररचना केली. त्यात पहिल्यांदा कबूल केलं की पाळणा पाहिजे. प्रत्येक राज्यातल्या ५ टक्के अंगणवाड्या "अंगणवाडी-नि-पाळणाघर" करायच्या असं ठरलं. ५ टक्के म्हणजे महाराष्ट्रात साधारण साडेपाच हजार. आपल्या जिल्ह्यात पन्नासेक.

झालं का? नाही. उलट २०१५ च्या केंद्रीय बजेटात अंगणवाडीची मूळ तरतूदच जवळपास निम्म्यावर आली. खुद्द तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी नाराजी बोलून दाखवली. मग पुरवणी मागण्यांत पैसे वाढवले. म्हणजे आहे तेच वाचवायची धडपड, नवीन कुठून होणार? २०१७ ला एका मुलाच्या आहाराचा दर ठरला दिवसाला ८ रुपये. तेव्हाही आपल्या बसस्टँडवर ८ रुपयांत चहा आणि बिस्किटाचा पुडा दोन्ही येत नव्हते.

आणि हे सगळं उभं आहे सेविका आणि मदतनीस या दोन बायांवर. २००६ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं, त्या सरकारी कर्मचारी नाहीत. २०२२ ला त्याच कोर्टाने म्हटलं, त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. राज्यात २०१७ ला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठा संप झाला, डिसेंबर २०२३ पासून तर ५२ दिवसांचा. २०२३ ला सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनीसचं ४,४२५ वरून ५,५००. त्यानंतर २०२४ ला आणखी वाढ झाली, ती संपाच्या आणि निवडणुकीच्या वर्षाची. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायला हीच सेविका होती. पोषण ट्रॅकरवर माहिती भरायला हीच. आता तिलाच म्हणायचं की बाई, दीड वर्षाची दहा लेकरं संध्याकाळपर्यंत सांभाळ? हे होणार नाही आणि होऊही नये. पाळणा पाहिजे तर पाळण्याची बाई वेगळी पाहिजे, तिचा पैसा वेगळा पाहिजे.

"पाळणा" आला आहे, पण किती?

आता ताजी गोष्ट. २०२२ ला केंद्राने जुनी पाळणाघर योजना मिशन शक्तीमध्ये घेतली, नाव दिलं "पाळणा". देशभर १७,००० अंगणवाडी-नि-पाळणाघरांचं लक्ष्य. खर्च केंद्र ६०, राज्य ४०. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. सेविका आणि मदतनीस आहेत तशाच, त्यांच्याशिवाय वेगळी पाळणा सेविका आणि वेगळी पाळणा मदतनीस. आई नोकरीवालीच असली पाहिजे अशी अटही नाही.

कागदावर पाहिलं तर हीच विकासवाडी. कोसबाडला सत्तर वर्षांआधी झालं ते आता दिल्लीहून परत आलं आहे. मी टीका करत नाही, चांगलं आहे.

पण महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात अशी केंद्रं ३४५. जिल्हे ३६. सरासरी काढा, एका जिल्ह्याला दहासुद्धा येत नाहीत. २०१२ चं ५ टक्क्यांचं गणित साडेपाच हजार सांगत होतं, आज आपण ३४५ वर टाळ्या वाजवतो आहोत.

आपण विदर्भाच्या बॅकलॉगवर भांडतो, सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. भांडलंच पाहिजे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा जिल्हा मिळाला तोही मागून मिळाला. २०१८ ला नीती आयोगाने वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांत टाकलं, म्हणजे मागे राहिलेला असं साध्या भाषेत. त्याच्या निकषांत पोषण आहे, शिक्षण आहे. पण पाळण्यात किती लेकरांची जागा आहे, हा निकषच नाही. आपण अंगणवाड्या मोजतो, लाभार्थी मोजतो, वजन मोजतो, दंडघेर मोजतो. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत तीन वर्षांखालची किती लेकरं सुरक्षित ठेवता येतील, हा आकडा कोणत्याच आढावा बैठकीत मी आजवर ऐकला नाही.

बाहेर हाच आकडा मोजतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९९७ ला दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. त्यामुळे आया मोठ्या संख्येने कामावर गेल्या. ते पाहून २०२१ ला साऱ्या देशासाठी दिवसाला १० डॉलरची योजना आणली. पण तिथेही फी कमी झाली तेवढ्या वेगाने जागा वाढल्या नाहीत, कारण सांभाळणाऱ्या बायांचे पगार कमी, माणसंच मिळेनात. म्हणजे श्रीमंत देशालाही तोच धडा मिळाला: सांभाळणारीला नीट पैसे द्या, तर जागा वाढतात.

कॅनडा लांब वाटत असेल तर शेजारी बघा. कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींमध्ये "कूसिन मने" म्हणजे बाळाचं घर काढलं, मजूर आयांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी, ४,००० पंचायतींचं लक्ष्य ठेवून. तिथल्या केअरटेकर गावातल्याच बाया. छत्तीसगडला "फुलवारी" आहे, आदिवासी पाड्यांवर आयाच चालवतात. त्यांच्याजवळही आपल्यापेक्षा फार पैसा नाही.

आता तुमचं काम

सुरुवातीला म्हटलं होतं, एक काम सांगणार. ते असं.

एक. २६ जानेवारीची ग्रामसभा येते आहे. तिच्या आधी महिलांची सभा होते. तिच्यात ठराव घ्या: "आमच्या गावात पाळणा योजनेतून अंगणवाडी-नि-पाळणाघर द्या." सोबत तीन वर्षांखालच्या मुलांची आणि मजुरीला जाणाऱ्या आयांची संख्या जोडा. ठरावाची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. २००६ ला अंगणवाड्या "मागितल्या तर" मिळाल्या होत्या. पुढच्या टप्प्यात जिल्ह्याची यादी बनेल तेव्हा आपल्या गावांचे कागद टेबलावर पाहिजेत.

दोन. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मागच्या तीन वर्षांत तो कशावर झाला ते विचारा. भांडायला नाही, माहितीसाठी. सोंगणीचे आणि वेचणीचे दोन-तीन महिने गावातली एक बाई मजुरी देऊन बसवायची म्हटली तर काही गावांत तेवढ्यात भागू शकतं.

तीन. शाळेतल्या गुरुजी-मॅडमना विनंती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गैरहजर राहणाऱ्या मुलींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. घरी लहान भावंड आहे का, एवढंच. ही यादी आढावा बैठकीत ठेवायची जबाबदारी माझी.

काल ताईला हा विषय सांगितला. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. म्हटलं, ताई, तेव्हा गावात पाळणाघर असतं तर तू शिकली असतीस. ती हसली. म्हणाली, "मले तं मास्तरीन व्हायचं होतं. तुले कडेवर घेऊनच मी खिडकीतून पाचवीचा वर्ग पाहो."

चाळीस वर्षांत ही गोष्ट तिने मला पहिल्यांदा सांगितली.

धुऱ्यावरच्या त्या पोरीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या गावाचा ठराव मात्र मी लिहून दिला आहे. तुमच्या गावाचा लिहायचा असेल तर मेसेज करा, मसुदा पाठवतो.